हजीरा : ताटाभोवतीचे कुंपण

ग्वाल्हेर शहरात हजीरा नावाचा एक गजबजलेला भाग आहे. आज ते नाव ऐकले की तिथल्या माणसांना चौक, बाजार आणि वाहनांची गर्दी आठवते. पण शब्द मूळचा अरबी. 'हजीरा' म्हणजे कुंपण घातलेली जागा, आवार. गुरांच्या वाड्यालाही हाच शब्द आणि थोरांच्या कबरीभोवतीच्या राखलेल्या आवारालाही हाच. ग्वाल्हेरच्या या भागाला तो शोभतो, कारण इथे शेख मुहम्मद गौस या सूफी संताची भव्य कबर आहे. मधोमध मोठा घुमट, चारी बाजूंना दगडात कोरलेली नाजूक जाळी. तिच्या शेजारी, उघड्यावर, एक लहानशी कबर आहे ती तानसेनाची. तिथल्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशी गवयांची श्रद्धा. आपल्याकडचे कितीतरी गवई तिथे डोके टेकवून आले असतील.

कुंपण हा शब्द मला इथे धरून ठेवावासा वाटतो. माणसाने जितकी कुंपणे शेताभोवती घातली, तितकीच ताटाभोवतीही घातली. अलीकडे 'हलाल' हा शब्द वर्तमानपत्रांत भांडणाच्या बातमीतच भेटतो. 'कोशर' हा शब्द आपल्या वाचकांना परदेशी वाटतो. प्रत्यक्षात या दोन्ही कुंपणांचा आपल्या किनाऱ्याशी, आपल्या भाषेशी आणि गोव्याच्या दुखऱ्या इतिहासाशी फार जवळचा संबंध आहे.

आधी नियम काय ते सरळ पाहू. 'हलाल' म्हणजे मोकळे, परवानगी असलेले. 'हराम' म्हणजे निषिद्ध. पण त्याच धातूपासून मक्केच्या पवित्र परिसराचे 'हरम' हे नाव आले आहे. म्हणजे वर्ज्य आणि पवित्र यांचे मूळ एकच. आपल्या 'सोवळ्या'चा अर्थ ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. सोवळ्यातल्या वस्तूला हात लावायचा नसतो, ती वाईट म्हणून नव्हे.

कुराणात मांसाबद्दलचे मुख्य निषेध चार. आपोआप मेलेले जनावर, वाहते रक्त, डुकराचे मांस, आणि ईश्वराखेरीज दुसऱ्याच्या नावाने कापलेले. कापताना सुरी धारदार हवी, अल्लाचे नाव घ्यायचे, अन्ननलिका, श्वासनलिका आणि मानेच्या रक्तवाहिन्या कापून रक्त वाहू द्यायचे. जनावरासमोर सुरीला धार लावू नये, असेही सांगितले आहे.

ज्यू लोकांचे नियम अधिक बारीक. चौपायांमध्ये खूर दुभंगलेला हवा आणि ते रवंथ करणारे हवे. डुकराचा खूर दुभंगलेला असतो पण ते रवंथ करत नाही, म्हणून ते बाद. ससाही बाद. पाण्यातल्या जिवांना पर आणि खवले दोन्ही हवेत. कापणाऱ्याच्या सुरीला एकही खाच चालत नाही. पाते नखावर फिरवून ती तपासायची. मग मांस पाण्यात भिजवायचे, मिठात तासभर ठेवायचे आणि धुवायचे, कारण रक्ताचा अंश पोटात जाता कामा नये. आणि करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, या एका वचनावरून दूध आणि मांस एकत्र न खाण्याचा मोठा विस्तार झाला. दोघांची भांडीसुद्धा वेगळी. कोंबडी काही दूध देत नाही, तरी तिलाही हा नियम लागू केला. का, तर मूळ नियम चुकून मोडू नये म्हणून त्याच्या बाहेर आणखी एक रेघ. धर्माज्ञेभोवती कुंपण घाला, असा उपदेशच त्यांच्या जुन्या ग्रंथात आहे. म्हणजे पुन्हा हजीराच!

आता मुहम्मद गौसांकडे वळू. हे शत्तारी पंथाचे. चुनारच्या डोंगरात बारा वर्षे झाडपाला खाऊन त्यांनी तप केल्याचे बदायूनीने लिहिले आहे. बाबराच्या सरदाराला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात शिरण्याची युक्ती त्यांनी सुचवली, हे खुद्द बाबराच्या आत्मचरित्रात आहे. हुमायून त्यांना मानत असे. शेरशाहाच्या काळात त्यांना गुजरात गाठावे लागले. तिथे त्यांनी 'अमृतकुंड' या योगविषयक ग्रंथाचे फारसी रूप 'बहर-अल्-हयात' या नावाने सिद्ध केले. १५६३ साली ते वारले.

त्यांचा दुसरा प्रसिद्ध ग्रंथ 'जवाहिर-ए-खम्सा', म्हणजे पाच रत्ने. त्यात ईश्वराच्या नावांच्या जपाचे विधी आहेत, आणि जप करणाऱ्याने काय खाऊ नये याची यादीही आहे. नावे दोन प्रकारची, जलाली म्हणजे उग्र आणि जमाली म्हणजे सौम्य. उग्र नावाचा जप असेल तर मांस, मासे, अंडी, मध वर्ज्य. सौम्य नावाचा असेल तर लोणी, दही, व्हिनेगर आणि मीठ वर्ज्य. दोन्ही करायचे असतील तर त्याखेरीज लसूण, कांदा आणि हिंगसुद्धा सोडायचे. चाळीस दिवसांच्या अनुष्ठानात हे पाळायचे.

ही यादी वाचताना गोव्यातल्या माणसाला आपल्याच घरातली आजी आठवेल. चातुर्मासात कांदा-लसूण नाही, सोमवारी शिवराक, अमुक व्रताला अळणी. इथे मांस हलाल आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. जे शास्त्राने मोकळे ठेवले आहे तेही साधक काही दिवस स्वतःहून सोडतो. सर्वांसाठीच्या मोठ्या कुंपणाच्या आत एकट्याने घातलेले हे छोटे कुंपण. सूफीने योग्याकडून घेतले की योग्याने आणखी कुणाकडून, या वादात मी पडत नाही. भूक आवरल्याशिवाय मन आवरत नाही, हे दोघांनाही कळले होते एवढे खरे.

हजीऱ्याच्या डोक्यावर किल्ला उभा आहे. त्याच्या कड्यांवर तोमर राजांच्या काळात, पंधराव्या शतकात, जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या. त्यांच्या उपासकांचे कुंपण सर्वांत आत ओढलेले. मांस तर नाहीच, पण जमिनीखालचा कांदाही नाही, आणि सूर्य मावळल्यावर जेवणही नाही. त्याच किल्ल्यावर जहांगीराने शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना कैदेत ठेवले होते. आज तिथे 'दाता बंदी छोड' गुरुद्वारा आहे. शिखांच्या आचारसंहितेत 'कुठ्ठा' म्हणजे मुसलमानी पद्धतीने कापलेले मांस वर्ज्य आहे. मांस खाणारा शीख एका घावात मारलेल्या जनावराचे, म्हणजे झटक्याचे खातो. एका टेकडीच्या परिसरात किती रेघा मारलेल्या आहेत पाहा. आणि १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला आणल्यावर मराठी घरांची सोवळ्याओवळ्याची रेघ तिथे पोहोचली ती वेगळीच.

कोशरची रेघ मात्र मराठीत पाहायची तर ग्वाल्हेर सोडून कोकणात उतरावे लागते. अलिबाग, रेवदंडा, पेण या पट्ट्यात बेने इस्रायल समाज शतकानुशतके राहिला. त्यांची घरची भाषा मराठी, आडनावे गावावरून पडलेली, दिवेकर, केहीमकर, राजपूरकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्याजवळ ना हिब्रू ग्रंथ उरले होते, ना धर्मगुरू. त्यांची ओळख पटली ती माशांवरून, असे ते परंपरेने सांगतात. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू त्यांच्या वस्तीत आला. हे खरोखर आपलेच लोक का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांसमोर तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितली. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी घेतली, उरलेली बाजूला सारली. रहाबीची खात्री पटली. मग त्याने काही जणांना शिकवून तयार केले.

कथा आहे, तिचा शब्दन् शब्द इतिहास म्हणून कुणी घेऊ नये. पण तिच्यातले शहाणपण मला फार मोलाचे वाटते. भाषा बदलली, पोशाख बदलला, ग्रंथ विसरले. टिकले काय, तर बाईच्या हातातला मासा निवडण्याचा नियम. बाजारातून आणलेल्या टोपलीतून सुरमई आणि बांगडा उचलायचा, आणि मोरी, पाकट, शिंगाळा, कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या शेजारणीला द्यायच्या! किनाऱ्यावर राहून हे पाळणे काय असते, ते सुंगटांच्या हुमणावर वाढलेल्या गोवेकराला सांगायला नको.

दूध आणि मांस यांची आडकाठी मात्र कोकणाने सहज सोडवली. मटणाच्या रश्श्याला दही-दूध कशाला, नारळाचा रस आहे ना! पोहे, खोबरे आणि फळे घालून केलेला त्यांचा मलिदा एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने वाटला जातो. रूप अगदी आपल्या प्रसादासारखे. शेजाऱ्यांच्या भावनांना जपून त्यांच्यातली अनेक कुटुंबे गोमांस खात नसत, आणि ते तर त्यांच्या शास्त्राला चालणारे होते. म्हणजे स्वतःच्या कुंपणाबरोबर शेजाऱ्याच्या कुंपणाचीही त्यांनी कदर केली. यातले बहुतेक लोक १९४८ नंतर इस्रायलला गेले. तिथेही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले.

त्याच कोकणातला मुसलमान शेजारी पाहिला तर गंमत आणखी वाढते. ग्वाल्हेरकडचा मुसलमान बहुधा हनफी परंपरेचा. हनफी शास्त्रात पाण्यातले फक्त मासेच चालतात, म्हणून कोळंबी मासा आहे की नाही यावर त्यांच्या विद्वानांत जुना वाद आहे. कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे, अरबी समुद्रावरून आलेल्या व्यापाऱ्यांच्या वाटेने आलेली ती परंपरा. शाफईंना समुद्रातली कोळंबी बिनदिक्कत चालते. एकाच धर्माचे दोघे, पण कोळंबीच्या वाटीपाशी दोघांच्या वाटा वेगळ्या. तेव्हा 'मुसलमान असे खातात' किंवा 'ज्यू तसे खातात' अशी सरसकट वाक्ये फारशी खरी नसतात. 'हिंदू शाकाहारी' हे वाक्य तर गोव्यातल्या सारस्वताच्या ताटापाशीच मोडते.

इथवरची गोष्ट आनंदाची. आता गोव्यात येऊ.

पोर्तुगालमध्ये १५३६ साली इन्क्विझिशन स्थापन झाले, तेव्हा लोकांसाठी एक जाहीरनामा काढला गेला. बळजबरीने ख्रिस्ती केलेले ज्यू घरात गुपचूप जुना धर्म पाळतात का, हे शेजाऱ्यांनी कसे ओळखावे याच्या खुणा त्यात दिल्या होत्या. त्या खुणा कोणत्या? जनावर कापण्यापूर्वी सुरी नखावर पारखणे. सांडलेल्या रक्तावर माती टाकणे. डुकराची चरबी न खाणे, ससा न खाणे. ईल मासा, ऑक्टोपस, पाकट आणि बिनखवल्याची मासळी न खाणे. रेवदंड्याकडच्या बाईने ज्या नियमाने आपली ओळख जपली, तोच नियम इथे आरोपपत्र झाला. हे न्यायालय १५६० साली गोव्यात आले.

गार्सिया द ओर्ता हे नाव पणजीकरांना बागेमुळे परिचित आहे. हा वैद्य मूळचा ज्यू घराण्यातला, वरून ख्रिस्ती. १५६३ साली, म्हणजे मुहम्मद गौस वारले त्याच वर्षी, त्याचा भारतीय औषधींवरचा ग्रंथ गोव्यात छापला गेला. त्यात हिंगावर एक अख्खा संवाद आहे. भारतभर हिंग औषधात आणि स्वयंपाकात किती वापरतात, हे तो कौतुकाने सांगतो. ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळले. १५८० साली ओर्ताची हाडे उकरून तीही जाळली गेली.

मग पाळी आली आपली. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या हुकूमनाम्यात नवख्रिस्ती गोवेकरांना ज्या चालीरीती बंद केल्या, त्यात एक कलम होते की हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या सगळ्याचा साक्षेपाने परामर्श घेतला आहे. भातात मीठ! ज्यू बाई मांसाला मीठ लावते कारण तिचा धर्म सांगतो. सूफी साधक चाळीस दिवस मीठ सोडतो कारण त्याला ते सोडायचे आहे. आणि साष्टीतल्या किंवा बार्देशातल्या बाईने भाताला मीठ घातले नाही तर तो गुन्हा. मीठ तेच. फरक एवढाच की तिसऱ्या ठिकाणी चिमूट कुणी घालायची हे चुलीपाशी बसलेली बाई ठरवत नव्हती.

विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या आठवणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या आठवणींत आणखीही एक कटू गोष्ट आहे, ती आपण सहसा बोलत नाही. पाणी प्यालेल्यांना बाहेर राहावे लागले ते आपल्याच कुंपणामुळे. एक घोट पाण्याने माणूस कायमचा परका झाला असे म्हणणारे त्याचेच सोयरे होते. म्हणजे कुंपण दोन्हीकडून माणसाला कापू शकते. बाहेरचा त्याचा गुन्हा करतो आणि आतला त्याचा तुरुंग.

ताटातल्या रेघेला हात घातला की काय होते, ते पुढे कंपनी सरकारनेही पाहिले. १८५७ च्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे अशी वार्ता पसरली. काडतूस दातांनी तोडावे लागे, म्हणून प्रश्न खाण्याचा झाला. कारणे इतर अनेक होती, पण ठिणगी पडली ती तोंडापाशी. जून १८५७ मध्ये ग्वाल्हेरची कंटिंजंट फौज उठली. पुढच्या वर्षी जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांनी ग्वाल्हेर घेतले आणि राणीने त्याच शहरात देह ठेवला.

काडतुसातला प्रश्न आज दुकानातल्या पुड्यात आहे. मांस समोर लटकलेले असते तेव्हा ते काय आहे हे दिसते. पण जेलीतले जिलेटिन कोणत्या जनावराच्या हाडाकातड्याचे, चीज विरजायला वापरलेले रेनेट वासराच्या जठरातले की बुरशीपासून केलेले, लाल रंग किड्यापासून काढलेला तर नाही ना, हे पुडा पाहून कळत नाही. पूर्वी घरची बाई खवले पाहून ठरवत होती. आता खवले कारखान्यात राहिले, म्हणून कुणीतरी तपासून शिक्का मारावा लागतो. अमेरिकेत १९२३ च्या सुमारास हाइन्झ कंपनीच्या शाकाहारी बीन्सच्या डब्यावर ज्यू संस्थेची खूण आली. हलालचे शिक्के त्याच गरजेतून आले. आणि आपल्याकडे २००१ पासून पुड्यांवर हिरवा ठिपका आला, तोही याच जातीचा. मांसाहारी पदार्थांचा तपकिरी ठिपका २०२० च्या नियमांनी त्रिकोण झाला. हिरवा ठिपका शोधून बिस्किटे घेणारा माणूस आणि हलालचा शिक्का शोधणारा माणूस एकच गोष्ट मागत असतात. मला फसवू नका, एवढेच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणपत्र असलेल्या खाद्यपदार्थांच्या राज्यातल्या विक्रीवर बंदी घातली. निर्यातीच्या मालाला त्यातून सूट दिली. प्रमाणपत्र कोणी द्यावे, त्याचे शुल्क कुठे जाते, खूण नसलेल्या मालाच्या विक्रेत्याचे काय, हे प्रश्न रास्त आहेत आणि ते विचारलेही पाहिजेत. झटक्याचेच मांस खाणाऱ्या शिखालाही, त्याला नको ते नकळत वाढले जाऊ नये, असा हक्क आहे. पण ज्या भूमीत बिनमिठाचा भात हा गुन्हा होता, तिथल्या माणसाने दुसऱ्याच्या ताटातल्या खुणेवर सरकारी हुकूम निघताना जरा जपूनच टाळी वाजवावी, असे मला वाटते.

ग्वाल्हेरचेच एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. हद्दू-हस्सू खाँ, नत्थू खाँ यांच्या घराण्यातले निसार हुसेन खाँ उतारवयात आपले शिष्य शंकरराव पंडित यांच्या घरी राहिले, अशी आठवण संगीताच्या क्षेत्रात सांगतात. मराठी ब्राह्मणाचे घर. खाँसाहेबांनी तिथे मांस सोडले, घरच्या रीतीने राहिले, आणि लोक त्यांना कौतुकाने 'निसार भट' म्हणू लागले. त्यांनी धर्म सोडला नाही, तसा आग्रहही कुणी केला नव्हता. याच खाँसाहेबांकडे आपल्या सावंतवाडीकडचे रामकृष्णबुवा वझे शिकले, आणि ते गाणे पुढे महाराष्ट्राने आणि गोव्याने ऐकले. ज्या घरात राहायचे त्या घराची रेघ उस्तादाने आपणहून पाळली, तेव्हा ती विद्या पुढे गेली.

कुंपण असावे की नसावे, हा वाद निरर्थक आहे. कुंपण नसलेले घर मी पाहिलेले नाही. गौसांच्या कबरीची जाळी मात्र पाहण्यासारखी आहे. आतली जागा ती राखते, आणि उजेड-वारा दोन्ही बाजूंनी जाऊ देते.